हिरवं पाणमांजर

आमच्या घरात सकाळी मी बोलत नाही. पहाटे अंघोळ झाली की देवापुढे दिवा लावायचा आणि त्यातलं तेल संपून तो आपोआप शांत होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असं माझं व्रत आहे. नवसाबिवसाचं काही नाही त्यात. लग्न होऊन ज्या घरात आले तिथे सगळे एकदम बोलायचे आणि ऐकायचं कुणीच नाही. एकीनं तरी गप्प बसावं म्हणून सुरू केलं, ते अंगवळणी पडलं. खाणाखुणाही करत नाही, नाहीतर ते मौन कसलं, ती नुसती पळवाट. पुढे या व्रताला मीच एक शेपूट जोडलं. दिवा शांत झाल्यावरचा दिवसाचा पहिला शब्द खरा असावा आणि गोडही असावा. एरवी हे सोपं जातं. "चहा ठेवते" यात खोटंही काही नाही आणि कडूही काही नाही.

हे मला मुनीबाई म्हणतात. हे म्हणजे माझे यजमान. यांना सकाळी बोलल्याशिवाय घास उतरत नाही, त्यामुळे माझ्या वाटणीचंही हेच बोलून घेतात. "मुनीबाई, मोजे कुठे आहेत? खुर्चीखाली? बरोबर, खुर्चीखालीच आहेत," असा आमचा संवाद चालतो.

यांची सगळी नोकरी एका छापखान्यात गेली. शाळेच्या भिंतीवर टांगतात ते मोठे तक्ते तिथे निघायचे. फळं, पक्षी, वाहनं, शरीराचे अवयव. यांच्याकडे जंगली प्राणी. छापखान्याच्या मालकांचा एकच हुकूम होता, सगळ्या प्राण्यांची तोंडं डावीकडे हवीत. तक्ता फळ्याच्या उजव्या बाजूला टांगतात, तेव्हा प्राणी फळ्याकडे बघत असले की पोरंही फळ्याकडे बघतील, असा त्यांचा समज. त्यामुळे यांचा वाघ, हत्ती, अस्वल, कोल्हा, सगळे एकाच बसची वाट बघत उभे असल्यासारखे दिसायचे. आणि यातला एकही प्राणी यांनी जिवंत पाहिलेला नव्हता. जुन्या तक्त्यावरून नवा तक्ता, एका चित्रावरून दुसरं चित्र.

निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी खिशात पेन्सिल टाकून प्राणिसंग्रहालयात गेले. संध्याकाळी आले ते एखाद्याच्या लग्नाहून आल्यासारखे.

"अगं, अस्वल बसतं!" दारातूनच म्हणाले. "माणसासारखं बसतं. पाय पुढे सोडून, पोटावर हात ठेवून. आणि मी जन्मभर त्याला चार पायांवर उभं केलंय. पाय दुखले असतील बिचाऱ्याचे."

तेव्हापासून दर गुरुवारी यांचा तिकडे मुक्काम. तिथे फक्त पेन्सिल चालवायची आणि रंग घरी येऊन शुक्रवारी सकाळी द्यायचे, ही यांची पद्धत. प्राणी काही आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून आधी पाठीची रेघ ओढून घ्यायची. "पाठ आली की प्राणी आला. कान-नाक काय, मागाहून येतात पाहुण्यांसारखे," असं यांचं म्हणणं. एकेका कागदावर पाच-सहा अर्धेमुर्धे प्राणी असायचे. कुठे नुसता खांदा, कुठे जांभई, कुठे खाजवणारा मागचा पाय. त्यातून एक निवडून घरी चांगल्या कागदावर उतरवायचा आणि वर पाण्याचे रंग.

रंगवायचं टेबल खिडकीत, माझ्या देवांच्या फळीला लागूनच. मी जप करत असते आणि कानावर येतं ते ब्रश पाण्यात खळबळल्याचा आवाज. मला तो आवाज आवडतो. यांच्या डब्यात पांढरा रंग नाही. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. डोळ्यातली चकाकीसुद्धा रंगानं येत नाही, तेवढा ठिपका आधीपासून राखून ठेवावा लागतो. "चुकून भरला गेला की गेलाच तो. कोरं सोडता आलं पाहिजे," हे म्हणतात. "तू सकाळ सोडतेस, तसं."

आणखी एक सांगायचं राहिलं. रंग कागदावर लावण्याआधी हे एका पट्टीवर लावून बघायचे. ओल्या ब्रशातला रंग दिसतो एक आणि कागदावर वाळतो एक, म्हणून. ठिपक्या-ठिपक्यांच्या त्या पट्ट्या मी टाकत नसे. माझ्या पोथीत खुणेला ठेवत असे. पोथी उघडली की कुठे कोल्ह्याचा तांबूस, कुठे बगळ्याच्या पायाचा पिवळा. देव काही हरकत घेत नसे.

गेल्या वर्षभरात या पट्ट्या येईनाशा झाल्या. एकदा विचारलं, तर हे म्हणाले, "आता हात बसलाय माझा. पट्टी लागते कशाला?" मला वाटलं असेल तसं. बारीक टोकाच्या पेन्सिली जाऊन जाड, काळ्या पेन्सिली आल्या होत्या, तेही मी पाहिलं होतं. वाटलं, हौस. माणसाला उतारवयात नव्या हौशी सुचतात.

यांनी मनाशी एक यादी धरली होती. तक्त्यावरचे सगळे प्राणी एकदा खरेखुरे बघून काढायचे. एकेक करत सगळे झाले आणि शेवटी उरलं पाणमांजर. तक्त्यावर त्याला यांनी दगडावर उभं केलं होतं, डावीकडे तोंड, तोंडात मासा. खरं पाणमांजर म्हणजे पारा. पाण्यात शिरतं एकीकडे, निघतं तिसरीकडे, आणि बाहेर आलं की अंग असं झटकतं की बघणारा भिजतो. तीन-चार गुरुवार हे नुसत्या शेपट्या घेऊन परत आले.

पाणमांजरांना मासे घालणाऱ्या एक बाई आहेत तिथे. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आवाज खणखणीत. हे त्यांना मासेबाई म्हणतात आणि त्या यांना मास्तर म्हणतात. एका गुरुवारी त्यांनी सांगितलं, "मास्तर, आटपा आता. महिनाअखेरीला दोन्ही पाणमांजरांना हलवतायत. तिकडे वर, नदीकाठी मोठी जागा केलीय. वाहतं पाणी, खरे मासे. चैन आहे त्यांची."

"चांगलं आहे की," हे म्हणाले. पण घरी आल्यावर जेवताना गप्प होते, आणि हे गप्प बसले म्हणजे घरातलं घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं.

त्याच सुमाराला रंगाच्या डब्याची बिजागरी तुटली. पत्र्याचा जुना डबा, छापखान्यात असल्यापासूनचा. आमच्या सूनबाईंनी तो बघितला आणि पिशवीत टाकला. सूनबाई कापडाच्या गिरणीत रंग जुळवायच्या कामाला आहेत. गिऱ्हाईक चिंधी घेऊन येतं, त्या चिंधीसारखा हुबेहूब रंग हजार वार कापडाला आणून द्यायचा. नजर अशी की माझी शाल एका धुण्यात किती उतरली तेही सांगतात.

"बाबा, आमच्या गिरणीत एक कारागीर आहे, उद्यापर्यंत देतो नीट करून," त्या म्हणाल्या. "आणि आतून काय अवस्था आहे हो याची! कुठल्याही रंगाची वडी कुठेही. आजोबांच्या खिशासारखं झालंय."

"हात लावू नकोस जास्त," हे म्हणाले. "माझं सगळं जागच्या जागी आहे."

"दिसतंय ते," सूनबाई म्हणाल्या.

बुधवारी रात्री डबा परत आला. झाकण टक्कन लागत होतं. यांनी तीनदा लावून बघितलं आणि तीनदा खूश झाले. गुरुवारी कुठला देव पावला कुणास ठाऊक, पाणमांजर दगडावर येऊन चांगलं घटकाभर बसलं. मान वळवून, ओलं, मिशांवर पाण्याचे थेंब. हे घरी आले ते उडत. रात्री झोपायच्या आधी जाड पेन्सिलीनं चांगल्या कागदावर उतरवूनही ठेवलं. मी पाहिलं. पाठीची एकच रेघ, मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत, कुठे थांबली नाही की अडखळली नाही. तक्त्यावरचं पाणमांजर उभं होतं, हे बसलं होतं.

शुक्रवारी पहाटे मी दिवा लावला, जपाला बसले. शेजारी यांची तयारी. वाटीत पाणी, फडकं, डबा उघडल्याचा टक्क. मग ब्रशाची खळबळ सुरू झाली. जप करताना माझे डोळे अर्धवट मिटलेले असतात. यांचा हात मला कडेनं दिसत होता. हात डब्याकडे गेला आणि बोटानं वड्यांच्या कडा मोजल्या. एक, दोन, तीन, चार. अंधारात जिना उतरताना माणूस पायऱ्या मोजतो, तसं. चौथ्या वडीत ब्रश बुडवला आणि कागदावर फिरवला. डब्याकडे बघितलंच नाही.

रंग हिरवा होता.

मला वाटलं, खाली हिरवा देऊन वर दुसरा देणार असतील. पाण्याच्या रंगात असं एकावर एक चढवतात. पण हे चढवत गेले, हिरव्यावर गडद हिरवा, पाठीवर, मानेवर, शेपटीवर. पोटाकडे पुन्हा बोटानं मोजून तिसरी ओळ, दुसरी वडी, आणि गळ्यापाशी जांभळट. ओठांत गाणं गुणगुणत होते. हात सुरेख चालला होता. एकेक केस मोजून घ्यावा असा. मिशा कोऱ्या सोडल्या होत्या, डोळ्यातला ठिपका कोरा सोडला होता. सगळं जिथल्या तिथे, फक्त प्राणी हिरवा.

सूनबाईंनी वड्या नीट लावल्या होत्या, फिकटापासून गडदापर्यंत, गिरणीत लावतात तशा. इतक्या वर्षांची जागा मोडली होती आणि यांना ते कळलं नव्हतं. कळलं कसं नाही? वड्या वाळलेल्या असल्या की गडद रंग सगळे काळेच दिसतात, हे खरं. पण कागदावर?

मग मला पोथीतल्या पट्ट्या आठवल्या. त्या का थांबल्या ते समजलं. ठिपका लावून बघायचा तो दिसत असेल त्यानं.

"कसं झालंय?" हे म्हणाले, आणि कागद माझ्याकडे वळवला.

मी बोलू शकत नव्हते. देवाचे उपकार, दुसरं काय! मान हलवत नाही, भुवई उचलत नाही, हे यांना ठाऊक. हे माझ्या गप्प बसण्यातूनच उत्तर काढतात. "आवडलं तुला," असं म्हणायच्या बेतात होते, पण म्हणाले नाहीत. कागद खाली ठेवला. मी देवाकडे तोंड केलं.

दिव्यातलं तेल संपत आलं होतं. वात तळाशी टेकायला लागली होती. ती विझली की मला बोलावं लागणार. पहिला शब्द खरा हवा आणि गोडही हवा, आणि मला तर असा एकही शब्द सापडत नव्हता. "छान" म्हणावं तर गोड आहे, खरं नाही. "हिरवं" म्हणावं तर खरं आहे, गोड नाही.

मी तेलाची बाटली उचलली आणि दिव्यात थोडं तेल घातलं.

माझ्या व्रताच्या इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. ज्योत पुन्हा सरळ झाली. मी जपाची माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून धरली.

"आज देवाला भूक जास्त दिसतेय," हे म्हणाले.

ब्रश धुतले, फडक्याला पुसले. चहाची वेळ झाली. वात पुन्हा खाली आली. मी पुन्हा बाटली उचलली. बुचाचा आवाज झाला, तशी यांनी मान वर केली. यांचे कान चांगले आहेत.

हे उठले आणि माझ्याशेजारी येऊन जमिनीवर बसले. गुडघे वाजले. कागद हातात होता. तो दिव्याजवळ नेला, नाकाजवळ आणला, पुन्हा लांब धरला. दिव्याच्या उजेडात मला यांचे डोळे दिसले. बुबुळाच्या आत दुधाचा थेंब पडून विरघळावा तसं काहीतरी. आणि मी रोज यांच्यासमोर बसून जेवते!

"मुनीबाई," हे हळू म्हणाले, "तू खोटं बोलणार नाहीस. आणि मला लागेल असंही बोलणार नाहीस. म्हणून दिवा विझू देत नाहीयेस."

मी ज्योतीकडे बघत राहिले.

"रंग चुकलाय का?"

ज्योत हलली. मी नाही.

"बरं," हे म्हणाले. "मी थांबतो. आता तेल नको घालूस."

आणि थांबले. ज्यांना दोन घास बोलल्याशिवाय गिळवत नाहीत, ते माझ्याशेजारी मांडी घालून, मांडीवर हिरवं पाणमांजर घेऊन गप्प बसले. आम्ही दोघं एका दिव्यासमोर असे कधी बसलो होतो ते मला आठवेना. मी देवाला म्हटलं, शब्द तू दे, मला काही सुचत नाही. वात काळी पडली, धुराची एक बारीक रेघ वर गेली आणि दिवा शांत झाला.

हे माझ्याकडे बघत होते.

"बसलंय अगदी खरं," मी म्हटलं. मग म्हटलं, "पण हिरवं झालंय."

यांनी कागद पुन्हा नाकाजवळ नेला. मग यांचं पोट हलायला लागलं. मला वाटलं रडतायत. हसत होते.

"हिरवं?" म्हणाले. "पोपटासारखं?"

"पोपटाहून थोडं गडद. आणि गळा जांभळा."

"अरे देवा," म्हणाले, आणि चष्मा काढून डोळे पुसले. त्यात थोडं खरं रडूही होतं.

मग सगळं बाहेर आलं. वर्षभर धूसर दिसत होतं. दिव्यांभोवती कडी दिसायची. रंग सगळे चहात बुडवल्यासारखे. डॉक्टरांकडे गेलं तर ऑपरेशन म्हणणार, मग महिनाभर पाण्याला हात नाही, खाली वाकायचं नाही, आणि तेवढ्यात पाणमांजरं जाणार. "जन्मभर न बघता काढले," हे म्हणाले, "आणि आता बघायला मिळतंय तर डोळ्यांनीच दगा दिला. म्हटलं, हे एक होऊ दे, मग सांगू. हाताला डब्याची जागा पाठ होती. तेवढ्यावर चाललं होतं."

"आणि मला नाही सांगितलंत."

"तू सकाळी बोलत नाहीस," हे म्हणाले, "आणि संध्याकाळी माझ्या लक्षात राहत नाही."

दुपारी सूनबाई आल्या. चित्र बघितलं, डबा बघितला आणि एका क्षणात सगळं कळून रडायलाच लागल्या. "मी लावल्या वड्या. आई, मी लावल्या."

"बरं झालं लावल्यास," मी म्हटलं. "नाहीतर आम्हाला कधी कळलं असतं?"

"तू नसतीस तर मी आंधळा होईपर्यंत तपकिरी पाणमांजरं काढत बसलो असतो," हे म्हणाले. "पूस डोळे. एका घरात एकाचेच डोळे खराब पुरे."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. एकेक डोळा करू म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही. तारीख दिली ती नेमकी महिनाअखेरीच्या आधीची. यांनी विचारलं, पुढे ढकलता येईल का? डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे बघितलं. पुढचं काही बोलायची गरज पडली नाही.

पण बाहेर आल्यावर हे रस्त्यातच उभे राहिले. "म्हणजे मी त्याला पुन्हा बघणार नाही. नव्या डोळ्यांना ते दिसायचंच नाही."

मला त्या वेळी जे सुचलं ते मी एरवी म्हटलं नसतं. मला रंगातलं काही कळत नाही. "मी बघते," मी म्हटलं. "तुम्ही पेन्सिल चालवा. रंग मी सांगते. शेजारी लिहून घ्या आणि मग नव्या डोळ्यांनी द्या."

गुरुवारी आम्ही तिघं गेलो. सूनबाईंनी रजा टाकली होती. मासेबाईंनी आम्हाला कठड्याच्या आत, अगदी पाण्याजवळ बसायला घडवंची दिली. "आज मास्तर सहकुटुंब," म्हणाल्या, आणि मासे मुद्दाम थोडे थोडे टाकायला लागल्या, म्हणजे पाणमांजर त्याच दगडावर पुन्हा पुन्हा येईल.

हे जाड पेन्सिलीनं रेघा ओढत होते. कडा यांना दिसत होत्या. "पाठ सांग," म्हणाले.

मी बघितलं. मला वाटलं होतं सोपं असेल. तपकिरी म्हणायचं, झालं. पण बघत गेलं की एक रंग राहीना. "ओली असताना," मी म्हटलं, "फार उकळलेल्या चहासारखी. वर जरा चमक आहे, ती न घासलेल्या तांब्याच्या भांड्याची."

"किती उकळलेला चहा?" सूनबाई म्हणाल्या. "आमच्याकडे याला नंबर असतो, आई."

"तुझे सासरे ठेवून विसरतात, तितका."

"कळला," हे म्हणाले आणि रेघेशेजारी लिहून घेतलं. "वाळल्यावर?"

"वाळलं की जुन्या गोणपाटाचा. गळा दुधावरच्या सायीचा, पण कडेला जरा करपलेला. नाक म्हणजे भिजलेली चामड्याची चप्पल. मिशा..." मी थांबले. मिशा पांढऱ्या नव्हत्या. "मिशा माझ्या वातीसारख्या. जळायच्या आधीच्या."

"त्या मी कोऱ्या सोडणार," हे म्हणाले.

सूनबाईंनी फोनवर फोटो काढला. यांनी बजावलं, "तो मला दाखवायचा नाही. चित्रावरून चित्रं पुष्कळ काढली मी." पाणमांजरानं तेवढ्यात अंग झटकलं आणि कागदावर पाण्याचे थेंब उडाले. ते कोपऱ्यात अजून आहेत, सुकून गोल डाग राहिलेत. हे म्हणतात, सही आहे ती.

महिनाअखेरीला गाडी आली आणि पाणमांजरं गेली. त्या दिवशी हे उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून घरी पडले होते. मासेबाईंनी निरोप पाठवला, दोघंही झोपून गेली प्रवासात, उतरताक्षणी पाण्यात. हे म्हणाले, "सुटली बिचारी," आणि त्यात खंत होती, पण चिमूटभर.

पट्टी निघाली तेव्हा हे आधी भिंतीकडे बघत राहिले. "ही भिंत पांढरी आहे?" मग माझ्याकडे. "तुझे केस इतके पांढरे कधी झाले?"

"तुम्ही बघत नव्हता तेव्हा."

दुसराही डोळा झाला. मग जुनी चित्रं काढून बसले. वर्षभरातलं घुबड फारच तापट निघालं, लालभडक. कोल्हा शेकोटीतून आल्यासारखा. प्रत्येकाला बघून हसत होते. हिरव्या पाणमांजराला मात्र हसले नाहीत, त्याला चौकट करून टेबलावर लावलं. "यानं मला डॉक्टरांकडे नेलं," म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी वाकायची परवानगी दिल्यावर पाणमांजर पुन्हा सुरू झालं. या खेपेला हे सावकाश होते. माझे शब्द शेजारी टाचून ठेवले होते. एकदा स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला म्हणून धावले, तर हे चहा उकळवत उभे. "विसरलो नाहीये," म्हणाले, "रंग बघतोय." तो पेला टेबलावर पाण्याच्या वाटीशेजारी ठेवला, आणि व्हायचं तेच झालं. ब्रश चहात बुडाला आणि पाठीवर फिरला. हे ओरडले. मग जवळून बघितलं, लांबून बघितलं, आणि तसाच राहू दिला. तेव्हा त्या पाठीत थोडा चहा खरोखरच आहे.

आणि पट्ट्या परत आल्या. रोज दोन-तीन. पोथीला जाडी आली.

"उद्या सकाळी पाणमांजराचा डोळा करतो, मग झालं," एका गुरुवारी रात्री हे म्हणाले. सूनबाईंनी मुक्कामच केला. सकाळी त्या फोन हातात धरून भिंतीला टेकून बसल्या, मी जपाला, हे खिडकीत. बोटांनी काही मोजत नव्हते. डब्याकडे बघून रंग घेत होते, पट्टीवर लावत होते, मान वाकडी करून बघत होते. डोळ्याभोवती गडद रंग फिरवला. मधला ठिपका कोरा राहिला, आणि पाणमांजरानं आमच्याकडे बघितलं. मान वळवून. उजवीकडे.

यांनी ब्रश खाली ठेवला. तितक्यात दिवा शांत झाला.

"आज लवकर आटोपला?" हे म्हणाले. मग कागद माझ्याकडे वळवला. "कसं झालंय?"

"हेच ते," मी म्हटलं.

सूनबाईंनी न राहवून फोन पुढे केला. यांनी फोटो बघितला, चित्र बघितलं, पुन्हा फोटो बघितला. फोटोतलं पाणमांजर मळकट होतं, साधं तपकिरी.

"फोटोचा रंग चुकलाय," हे म्हणाले.

"बाबा, यंत्र आहे ते!"

"म्हणूनच," हे म्हणाले. "त्याला कुणी सांगितलं नाही ना शेजारी बसून."

मी चहा ठेवायला उठले. पहाटे दिव्यात तेल घालताना माझा हात जरा आखडता झाला होता, ते दोघांनाही कळलं नाही. देवाला कळलं असणार. पण तोही काही बोलला नाही.